प्रस्तावना मिळणार नाही

चिरंजीवास आशीर्वाद. ते पहिल्याच ओळीत देऊन टाकते, कारण पुढे द्यायची इच्छा होईल याची खात्री नाही.

तुझ्या पुस्तकाचं बाड पोचलं. नेतृत्व, शिक्षण आणि ध्येयाने जगणं या विषयांवरची तुझी चिंतनं. बरोबर कंदी पेढ्यांचा पुडा आणि चिठ्ठी: ‘बाई, दोन पानं प्रस्तावना हवी, जमल्यास आठवड्यात, प्रेसवाला थांबलाय.’ पेढे खालच्या मजल्यावरच्या मुलांना वाटून टाकले. प्रस्तावना मिळणार नाही. का, ते सविस्तर लिहिते, म्हणजे ‘बाईंची तब्येत हल्ली बरी नसते’ असं चारचौघांत सांगायची तुला सोय उरणार नाही. तब्येत ठणठणीत आहे.

बाड मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, लाल पेन हातात घेऊन. तुला वाटलं असेल, म्हातारी चार पानं चाळेल, दोन गोड ओळी खरडेल आणि खाली सही ठोकेल. माझ्या हाताखाली शिकलास आणि मला एवढंच ओळखलंस?

पहिल्या प्रकरणात तू पहाटे साडेचारला उठतोस. दुसऱ्यातही उठतोस. सातव्यात पुन्हा उठतोस, आणि या खेपेला गार पाण्याने आंघोळही करतोस. अरे, साडेचारला उठणं हे कर्तृत्व असेल तर आमच्या आळीत दूध घालणाऱ्याचा पुतळा बसवायला हवा. मंडईत मेथीच्या जुड्या घेऊन येणाऱ्या बायका अडीचला उठून टेम्पोत बसतात. मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर थंडीत काच पुसून पहिली गाडी काढतो. त्यांना कोणी शाल-नारळ देत नाही आणि त्यांनी मागितलेलाही नाही. बरं, उठून तू करतोस काय? तर डायरी लिहितोस. आणि डायरीत काय लिहितोस, याचा नमुनाही तू छापायला दिला आहेस: आज साडेचारला उठलो.

वर्गात मी घसा फोडून काय सांगायची ते आठवत असेल. नुसतं उत्तर लिहिलंत तर शून्य, रीत दाखवा. तुझं सगळं पुस्तक नुसत्या उत्तरांचं आहे. ‘शून्यातून संस्था उभी केली.’ पैसे कुठून आले? ‘तीनशे तरुणांची टीम घडवली.’ पहिला कोण आला? का आला, कशासाठी टिकला? सोडून गेलेले किती, आणि जाताना काय म्हणाले? एक पायरी दाखवलेली नाहीस. बेरीज मात्र मोठी.

आणि हे शून्य कुठलं रे? तुझ्या वडिलांनी विहिरीकडची पट्टी विकली ती मला ठाऊक आहे. सातबारा आणि बँकेचा कागद धोतराच्या घडीत गुंडाळून ते माझ्या घरी आले होते. कर्ज काढलं तर किती फेडावं लागेल आणि विकली तर किती हातात उरेल, एवढं समजून घ्यायला. मी पाटीवर मांडून दाखवलं. बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले, मग म्हणाले, ‘विकतो बाई, व्याज नको.’ चहा घेतला नाही, गाडी चुकेल म्हणाले. तुझं शून्य अठरा गुंठ्यांचं होतं. पुस्तकात ते अठरा गुंठे नाहीत आणि वडीलही नाहीत. अर्पणपत्रिकेत ‘माझ्यातल्या जिद्दीला’ असं आहे. लाज कशी वाटली नाही?

पुढे पान ३४. तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांना तू तीन ओळी दिल्या आहेस. त्यांनी म्हणे ‘एकहाती’ शिक्षणाची गंगा खेड्यापाड्यांत नेली. साताऱ्यात वाढून तू हे लिहितोस? रयत शिक्षण संस्थेचा ठराव १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काल्याला झाला, सत्यशोधकांच्या परिषदेत, माणसांमध्ये बसून. त्याआधी हा माणूस किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडला होता. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागतं, त्याची ऐपत जोखावी लागते, त्याचं पोर शाळा सोडून गुरांमागे का आहे हे कानांवर पडतंच. तू मात्र थेट व्यासपीठावर चढलास, ओसरीला पाय लावला नाहीस.

१९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, त्या काळात, या गावात. १९२७ साली गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं हे तू लिहिलंस, कारण त्यात दोन मोठी नावं आहेत. पण पोरांच्या ताटात रोज वाढायचं काय, हा प्रश्न तुला पडला नाही. तो भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पडला. अंगावरचा दागिना दागिना मोडला आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही मोडलं, पोरांच्या पोटासाठी. त्या काळच्या बाईने ते काढून देणं म्हणजे काय, हे तुझ्या आजीला विचारून ये. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचा पुढचा वटवृक्ष त्यांना दिसला नाही. गावोगावच्या बायका दळण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, ते मुष्टिफंडात जाई. वसतिगृहातली पोरं आपली कामं आपण करत, राबून शिकत. आता यातलं एकहाती काय आहे ते मला काढून दाखव. भाऊरावांचं मोठेपण या सगळ्या हातांनी कमी होत नाही. इतके हात त्यांच्या कामाला का लागले, हे शोधायला तुझं सबंध पुस्तक पुरलं नसतं. तू तीन ओळींत आटोपलंस, कारण तुला ‘एकहाती’ ही सोय हवी होती. ते एकहाती, म्हणून तूही एकहाती.

सहाव्या प्रकरणात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या ‘करिष्म्या’वर दीड पान, मग एक फोटो. १९८९ साली एम.कॉम. शिकलेला पोरगा गावाने बिनविरोध सरपंच केला, इथवर तुझं बरोबर आहे. पुढचं गणित तू गाळलंस. नगरकडचा तो पर्जन्यछायेचा मुलूख, पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहून कमी. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान, या पाच गोष्टींवर गाव राजी करायचं. डोंगरउतारावर चर खणायचे, बांध घालायचे. शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे ज्याच्या वावरात पाणी लागू शकतं त्याच्या गळी उतरवायचं. आणि मग दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसं, मग गुरं, मग पिकं. पाणी कमी असेल तर पिकं कुठली आणि किती, तेही त्या ताळेबंदावरून ठरायचं. पर्जन्यमापकातला आकडा सगळ्यांसमोर आहे, तो कोणाचा भाऊबंद नाही. त्याच्या बळावर साधा शेतकरी उभा राहून सरपंचाला अडवू शकतो. हे तुला दिसलं नाही. तुला करिष्मा दिसला, कारण करिष्मा आपल्यातही आहे असं म्हणता येतं.

तुझ्या संस्थेत असा कोणता कागद आहे, जो पुढे करून एखादा पोरगा तुला ‘सर, हे चुकलं’ म्हणू शकतो? जमाखर्च कोणाला बघायला मिळतो? मागच्या शिबिराला माणशी किती घेतले आणि जेवणावर किती गेले, हे टीममधल्या एकाला तरी ठाऊक आहे का? नेतृत्वावर नव्वद पानं लिहिलीस. आपल्याला कोण विचारू शकतं, यावर त्यात एक ओळ नाही.

आता शिक्षणाकडे येते. वर्षाला ५२ पुस्तकं वाचतोस म्हणे. यादी दिली आहेस, प्रत्येकापुढे चांदण्याही. त्यातलं एखादं पुस्तक वाचून तुझं कुठलं मत बदललं, असं एक वाक्य मी शोधत होते. सापडलं नाही. सगळी पुस्तकं तुझ्याशी सहमत झालेली दिसतात. भाग्यवान आहेस.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले तुझ्या पुस्तकात नाहीत, म्हणून मीच सांगते. माझ्या विषयातले म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त माया, हे कबूल. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून चालायचं. महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसनच्या मंडळींत वीसेक वर्षं घालवलेला माणूस. १८९७ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले तेव्हा ऐन तिशीत होते. इकडे पुण्यात प्लेग, घरोघर झडत्या, त्यात गोरे सोल्जर. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिकडच्या वर्तमानपत्राला सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल सांगितलं. परत आले तर सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी कळवलं होतं ते पुढे येईनात. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत आणि स्वतः जाहीर माफी मागितली. आपल्याच लोकांनी त्यावर त्यांची छी-थू केली. माफी मागायला नको होती असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. तो वाद राहू दे. ज्यांच्या शब्दावर विसंबलो त्यांना उघडं पाडून आपण नामानिराळं व्हायचं नाही, एवढं तरी त्यातून घे.

आणि हे वाचून झालं की आपलं पान ८८ काढ. मागच्या वर्षीचा युवक मेळावा फसला, ‘कारण टीमला माझी व्हिजन पेलली नाही.’ खाली टीप: ‘यातून मी माणसं ओळखायला शिकलो.’ मांडव उडाला तेव्हा पाऊस पोरांनी आणला होता का रे? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघड्या मैदानावर मेळावा घ्यायचं कोणी ठरवलं? पोरं तीन दिवस चिखलात खुर्च्या शोधत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू तिकडे मोबाइलवर ‘अपयशातून उभारी’ हे भाषण रेकॉर्ड करत होतास.

याच गोखल्यांची आणखी एक गोष्ट. ९ जानेवारी १९१५ ला गांधी मुंबई बंदरावर उतरले. वय ४५. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह करून, तुरुंग भोगून आलेले; बोलायचा अधिकार त्यांना नसेल तर कोणाला? गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतलं, की वर्षभर देश हिंडायचा, डोळे उघडे ठेवायचे आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचं नाही. १९ फेब्रुवारीला गोखलेच गेले. वचन घेणारा उरला नाही, जाब विचारणारा कोणी नव्हता. गांधींनी तरीही वर्ष पाळलं आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश पाहिला.

त्याच वर्षी हरिद्वारला कुंभ होता. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे स्वयंसेवक यात्रेकरूंच्या सेवेला गेले होते. शौचासाठी खणलेल्या खड्ड्यांवर माती लोटायचं काम गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या फीनिक्स आश्रमाच्या मंडळींनी अंगावर घेतलं. गांधी आत्मकथेत काय कबूल करतात? काम मागून घेतलं आपण, निभावावं लागलं पुतण्या मगनलालना, आणि आपला बहुतेक वेळ तंबूत बसून लोकांना दर्शन देण्यात गेला. ‘सत्याचे प्रयोग’ तुझ्या यादीत तेराव्या क्रमांकावर आहे, पाच चांदण्या. हे पान वाचलंस की सारांश सांगणाऱ्या ॲपवर ऐकलंस? वाचलं असतंस, तर तुझ्या पुस्तकात एखादा मगनलाल निघाला असता.

तू रोज सकाळी सातला जगाला उपदेश करतोस. दुष्काळ, शेअर बाजार, मुलांचे मार्क, नवरा-बायकोचं भांडण, काहीही वर्ज्य नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. परवा पीकविम्यावर बोलत होतास. तुझ्या चुलत्याचा दावा तालुक्याला दोन हंगाम अडकला आहे. त्याच्या शेजारी बाकावर एक दिवस बसला असतास, तर ते भाषण करायला धजावला नसतास.

ध्येयाचा भाग मी थोडक्यात उरकते, कारण तूही उरकलाच आहेस. फक्त एक वाक्य आजपासून बंद कर. तिशीच्या आत ज्याला ‘पर्पज’ सापडलं नाही त्याचं आयुष्य वाया गेलं, हे. तुझ्यासमोर खुर्च्यांवर बसलेली निम्मी पोरं स्पर्धा परीक्षांचे अटेम्प्ट मोजत असतात. त्यांच्याशी घरी कोणी नीट बोलत नाही, आणि तू पैसे घेऊन हे ऐकवतोस. धोंडो केशव कर्वे, फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक. पोरवयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी आले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं. अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ साली, ३८व्या वर्षी. महिला विद्यापीठ १९१६ साली, ५८व्या वर्षी. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं १९३६ साली, ७८ला टेकले असताना. तुझ्या हिशेबाने हा माणूस तीनदा वाया गेला.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले ते.

तुझं तिसरं प्रकरण. सगळ्या बाडात वाचण्याजोगं तेवढं एकच आहे. त्यात बचत गटाच्या बायका आहेत. हप्ता थकवलेल्या बाईच्या दारात दोघी जणी गेल्या, तर तिने आधी त्यांना पाणी दिलं आणि मग रडली, ते आहे. तिला नवीन हप्ता बांधून देताना गटात झालेलं भांडण आहे, तेही कोणाला खलनायक न करता. शेकडा दोन दरमहा हे ऐकायला किती हलकं आणि वर्षाला किती जड, हे पायरी पायरीने मांडून दाखवलंय. आणि प्रत्येक हिशेबाखाली ताळा.

तो ताळा पाहिला आणि मी पेन खाली ठेवलं. शेकडेवारीचं गणित आलं की तू बाथरूमला जायची परवानगी मागायचास. उत्तराखाली न सांगता ताळा करणारी एकच मुलगी माझ्या वर्गात होती, तुझ्यानंतर काही वर्षांनी. पेपर संपायला दोन मिनिटं असली तरी तिचा ताळा असायचाच, आणि मी तिला ओरडायची, अगं पुढचं सोडव. ती तुझ्या संस्थेत काम करते. तिसरं प्रकरण तिचं आहे. त्या बायकांमध्ये ती हिंडली, हिशेब तिने मांडले, वाक्यंही तिचीच आहेत. पुस्तकावर नाव तुझं, ऋणनिर्देशात तुझ्या कॅमेरावाल्याचं नाव, छपाईवाल्याचं नाव, आमदारांचं नाव. तिचं कुठेच नाही.

तिने माझ्याकडे तक्रार केलेली नाही, हे आधीच लिहून ठेवते. उगाच तिला केबिनमध्ये बोलावून जाब विचारू नकोस. तिची आई मला बाजारात भेटली. पगार दिवाळीपासून थकलाय. मी विचारलं, मागत का नाही? तर म्हणाली, ‘मागितला होता. सर म्हणाले, इथे शिकायला मिळतंय ते पैशात मोजू नकोस.’

हे वाक्य तुझ्या तोंडचं असेल यावर माझा लगेच विश्वास बसला नाही. मग पान ५२ वर तेच सापडलं, चौकटीत, ठळक अक्षरांत, सुविचार म्हणून.

तर काम सांगते. तिचे थकलेले पैसे आधी दे, बँकेत भरून; कार्यक्रमात पाकीट देऊन आणि फोटो काढून नाही. बाकीच्या पोरांचे थकले असतील तर तेही. पान ५२ची चौकट आणि पान ८८ची टीप काढून टाक. अठरा गुंठे लिही. तिसऱ्या प्रकरणावर तिचं नाव घाल, पण त्याआधी तिला विचार. ते तुला छापायला द्यायचंय की नाही हे ती ठरवेल. त्यानंतर पुस्तकात काय उरतं ते बघू. उरलेलं घेऊन पाचनंतर ये, दुपारी मी झोपते. ड्रायव्हरबरोबर पाठवलंस तर घेणार नाही. आणि जमलं तर तिलाही सांग यायला. सातव्या हप्त्याच्या व्याजात तिने चार रुपये जास्त धरले आहेत, ताळ्यातही तिच्या लक्षात आलेलं नाही. ते मला तिला समोर बसवून दाखवायचं आहे.